माईक गेल्यावर फर्म कुणाची? ‘सूट्स’च्या आठव्या पर्वाचा प्रकरण अभ्यास

२५ एप्रिल २०१८ रोजी ‘सूट्स’ या अमेरिकी वकिली मालिकेच्या सातव्या पर्वाचे शेवटचे दोन भाग एकाच रात्री दाखवले गेले. माईक रॉस आणि रेचल झेन यांचं घाईघाईत लग्न लागलं आणि दोघं न्यूयॉर्क सोडून सिएटलला निघाली. माईकचं काम करणारा पॅट्रिक जे. अ‍ॅडम्स आणि रेचलचं काम करणारी मेगन मार्कल या दोघांनीही मालिका सोडली होती. मेगनचं कारण जगजाहीर होतं: १९ मेला विंडसरला तिचं खरंखुरं लग्न होतं. (आमच्या गटातल्या एकीच्या आईसाठी ही आजही ‘राणीच्या नातसुनेची मालिका’ आहे.) मालिका मात्र संपत नव्हती. आठव्या पर्वाला यूएसए नेटवर्क या वाहिनीने आधीच होकार दिला होता.

म्हणजे दोघांच्या जोडीवर सात पर्वं चाललेली मालिका, जोडीतला एक गेलेला, आणि उरलेल्या हार्वी स्पेक्टरला घेऊन पुढचे सोळा भाग लिहायचे. घोडबंदर रोडच्या मराठी मालिकांच्या सेटांवर असा प्रसंग कुणाला नवा नाही. नायिकेचा करार संपतो, चॅनेलशी बिनसतं, लग्न ठरतं, सिनेमा मिळतो. सोमवारी दुसरी मुलगी तेच मंगळसूत्र घालून त्याच स्वयंपाकघरात उभी राहते आणि सासू तिला त्याच नावाने हाक मारते. बँकेत, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले, चार एपिसोड असले तर लेखकाला जरा उसंत मिळते, नसले तर तीही नाही.

ठाण्याच्या पाचपाखाडीत आमचा छोटा गट अधूनमधून जमतो. मालिका लिहिणारे काही जण, सेटवर कन्टिन्युइटी (एका शॉटमधले कपडे, वस्तू पुढच्याशी जुळतात ना ते) पाहणारी एक मुलगी आणि ठाणे न्यायालयात वकिली करणारे दोघे: एक फौजदारी बाजू सांभाळणाऱ्या मॅडम, दुसरे सगळ्यांचे वकीलकाका. एखादी मालिका घ्यायची, तिच्यातली एकच अडचण घ्यायची आणि तिचे टाके उसवून पाहायचे, असा रिवाज पडला आहे. ‘सूट्स’ वकिलांनी सुचवली, भांडलो आम्ही लेखक. हे टिपण त्या भांडणातून झालं, मतं माझी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अ‍ॅडम्स गेला म्हणून ‘सूट्स’मधली नाती बदलली, असं सर्रास म्हटलं जातं. नाती त्याच्या बरीच आधी बदलली होती. माईक तुरुंगात गेला आणि सुटून रीतसर वकील झाला, तेव्हाच या माणसांना एकमेकांशी दार लावून बोलायचं कारण उरलं नाही. पुढे नट गेला आणि ते सगळ्यांना दिसायला लागलं, एवढंच.

कुणाला काय माहीत

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. माईक हा कॉलेज अर्धवट सुटलेला, एकदा वाचलेलं कधीच न विसरणारा मुलगा. दुसऱ्यांच्या नावाने कायद्याच्या प्रवेश परीक्षा देऊन पैसे कमावतो. मित्राच्या नादाने गांजाची बॅग पोचवायला जातो, पोलिसांना चुकवता चुकवता हार्वीच्या मुलाखती चाललेल्या असतात तिथे घुसतो आणि नोकरी मिळवून बाहेर पडतो. ही फर्म फक्त हार्वर्डचे पदवीधर घेते. माईककडे कुठलीच पदवी नाही, हे हार्वीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मालिकेचा कर्ता आरन कोर्श वॉल स्ट्रीटवर नोकरी करून मग लेखनात आला. समोरच्याची नस ओळखून बरोबर तिथेच दाबायची ही भाषा तिथून आली असावी. २०११ च्या जूनमध्ये पहिला भाग, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा. नऊ पर्वं, १३४ भाग. आमच्याकडे आठवड्याला सहा या हिशेबाने १३४ भाग म्हणजे जेमतेम पाच महिने.

आता हा क्रम पाहा. हार्वीला पहिल्या दिवशी. त्याची सेक्रेटरी डॉना हिला त्यानंतर लगेचच. पहिल्या पर्वाच्या शेवटी फर्मची प्रमुख, मॅनेजिंग पार्टनर जेसिका पिअर्सनला. दुसऱ्याच्या शेवटी माईक स्वतःच रेचलला सांगतो. चौथ्यात लुईस लिटला. पाचव्यात सरकारी वकिलाला, म्हणजे सगळ्या जगाला. या मालिकेतली खटल्यांची कथानकं कुणालाच आठवत नाहीत, मलाही नाही. कुणाला कधी कळलं, हे मात्र प्रत्येकाला आठवतं. कारण जाणणारा एक माणूस वाढला की सगळ्यांचं सगळ्यांशी नातं नव्याने लावावं लागायचं. जेसिका काल हार्वीची वरिष्ठ होती. आज तिलाही गप्प बसायचं आहे, म्हणजे ती गुन्ह्यात सामील. रेचलने स्वतः वकील व्हायचं म्हणून किती वर्षं धडपड केली, आणि तिचा मित्र त्याच पायऱ्या न चढता वर जाऊन बसलेला. ती त्याच्यावर रागावते ते फसवणुकीपेक्षा या अन्यायासाठी, आणि तरी तोंड उघडत नाही.

या फर्मच्या कार्यालयाला सगळीकडे काचा. केबिनमध्ये कोण कुणाशी बोलतंय ते मजल्यावरच्या प्रत्येकाला दिसतं, काय बोलतंय ते ऐकू येत नाही. रहस्य असलेल्या मालिकेला याहून सोयीचा सेट मिळणार नाही. काचेपलीकडे दोघं तावातावाने बोलत आहेत आणि बाहेरून लुईस पाहतोय, एवढ्यावर संवादाशिवाय अख्खा प्रवेश उभा राहायचा. कन्टिन्युइटीवालीने लक्षात आणून दिलं की आठव्या पर्वातही माणसं त्याच काचांमागे तशीच तावातावाने बोलतात, पण बाहेरच्याने ऐकलं तर काय होईल अशी धास्ती आपल्याला वाटत नाही. पुढचं सगळं या निरीक्षणावर बेतलेलं आहे.

(तिसरं पर्व मध्येच ढिलं का वाटतं, तेही यातच आलं. तिथे ब्रिटिश फर्मशी विलीनीकरण आहे, खुनाचा खटला आहे, धावपळ भरपूर आहे. पण घरातल्या ज्या माणसाला कळण्याची आपण वाट पाहतोय, तो लुईस, हाताशी येऊन निसटतो.)

लुईस

इथे थोडं थांबावं लागेल, कारण आठव्या पर्वाचं उत्तर लुईसमध्ये आहे.

पहिल्या पर्वात रिक हॉफमनचा लुईस हा खलनायक आणि विदूषक यांच्या मधला माणूस आहे. ज्युनिअरांचा छळ करतो, चिखलाच्या अंघोळी करतो, हार्वीवर जळतो आणि हार्वीने आपल्याला मित्र म्हणावं यासाठी जीव टाकतो. कामात हार्वीइतकाच तयार, कदाचित अधिक. पण हार्वी खोलीत आला की सगळे त्याच्याकडे बघतात, लुईस आला की एकमेकांकडे. असा माणूस मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. प्रत्येक ऑफिसात, प्रत्येक पतपेढीत, प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये तो आहे. त्याला वगळून जेवणाचा बेत ठरतो आणि नंतर ‘अरे, तुला सांगायचं राहिलंच’ असं म्हटलं जातं.

चौथ्या पर्वात लुईस एका व्यवहारात हात पोळून घेतो आणि त्याला फर्म सोडावी लागते. बाहेर पडता पडता हार्वर्डच्या एका सन्मानाच्या किल्लीवरून त्याला उमगतं की माईक तिथे शिकलेलाच नाही. मग तो जेसिकासमोर जाऊन उभा राहतो आणि भिंतीवर नाव मागतो. फर्म ‘पिअर्सन स्पेक्टर लिट’ होते.

या वळणाचं कौतुक अशासाठी की त्यात दोन गोष्टी एकदम घडतात. लुईसला हवं ते सगळं मिळतं आणि ज्या पद्धतीने मिळतं त्यामुळे ते त्याला कधीच लखलाभ होत नाही. शिवाय, इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं आणि मला एकट्याला सांगितलं नाही, हे दुःख ब्लॅकमेलच्या खाली तसंच धुमसत राहतं. डॉनासुद्धा त्यात होती, हे त्याला सगळ्यात जास्त लागतं. त्याच पर्वाच्या शेवटी डॉना हार्वीचं टेबल सोडून लुईसकडे काम करायला जाते. का जाते हे तिथे पुरतं कळत नाही. लेखकांना हार्वीला एकटं पाडायचं होतं हे मात्र कळतं. पाचव्या पर्वात हार्वीला घाबरेपणाचे झटके येतात, तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. म्हणजे माईक अजून त्याच मजल्यावर बसत असतानाच हार्वीचं मन मोकळं करायची जागा बदलायला सुरुवात झाली होती.

तुरुंग, मग जेसिका

पाचव्या पर्वाच्या मध्यावर माईकला अटक होते. खटल्याचा निकाल लागायच्या आधी तो सगळं स्वतःवर घेऊन गुन्हा कबूल करतो आणि दोन वर्षांची शिक्षा पत्करतो. सहकारी, अशील, सगळे फर्म सोडून जातात. त्या मोठ्या मजल्यावर मूठभर माणसं उरतात. माझ्या मते मालिकेची ही सर्वात चांगली जागा. इथे संपली असती तर पूर्ण वाटली असती.

सहाव्या पर्वात माईक लवकर सुटतो आणि पर्वाच्या शेवटी बारच्या (वकिलांना सनद देणाऱ्या संस्थेच्या) समितीसमोर उभा राहून वकील होतो. तिथे जेसिका येऊन, आम्हाला माहीत होतं, असं सांगते. छान प्रसंग आहे आणि तितकाच महागाचा. त्या दिवसापासून माईक हा न्यूयॉर्कमधल्या हजारो वकिलांपैकी एक हुशार वकील. हार्वीला त्याला वाचवायचं नाही, डॉनाला काही झाकायचं नाही, लुईसपासून काही लपवायचं नाही. सातव्या पर्वात लेखक माईकला गरिबांच्या दाव्यांकडे ओढतात आणि हार्वीशी त्यावरून खटके उडवतात, पण हे खटके दोन भागांत मिटतात. मिटले नाहीत तरी कुणी तुरुंगात जाणार नसतं.

मॅडमनी इथे आक्षेप घेतला. ‘अहो, आपल्याकडे सनद नसताना वकिली केली तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ खाली जास्तीत जास्त सहा महिने. पण त्याने चालवलेल्या दाव्यांचं काय? तुमची मालिका तिथे पळ काढते.’ आक्षेप बरोबर आहे. आपल्याकडे हा प्रश्न काल्पनिकही नाही: २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या वकिलांच्या पदव्यांच्या पडताळणीवर देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मालिकेला यातून वर्षभराचं कथानक मिळालं असतं. प्रत्येक जुना अशील एकेक करून परत आला असता आणि खोटेपणा उघड झाल्यावरही त्याचं बिल येत राहिलं असतं. त्यांनी थोडं केलं आणि सोडून दिलं.

सहाव्या पर्वाच्या मध्यावर, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, जेसिका शिकागोला गेली. जेसिकाचं काम करणाऱ्या जीना टॉरेसचं घर लॉस एंजेलिसमध्ये आणि चित्रीकरण टोरंटोत; मालिकेतलं न्यूयॉर्क हे बहुतांश टोरंटोच आहे. माईकच्या जाण्याची ही रंगीत तालीम म्हणायला हरकत नाही, आणि ती जास्त नीट झाली. जेसिका कशाला कंटाळली आहे हे आधी दिसलं होतं. ती गेल्यावर हार्वीला तिची खुर्ची मिळते आणि ती त्याला मुळीच झेपत नाही, कारण इतकी वर्षं त्याचा सगळा तोरा ‘वर कुणीतरी आहे’ या खात्रीवर चालला होता.

पुढ्यात काय काय होतं

२०१८ च्या सुरुवातीला लेखकांच्या खोलीत नेमकं काय बोललं गेलं ते आपण ऐकलेलं नाही, पण रस्ते मोजकेच होते. आमच्यासारखं रिप्लेसमेंट करणं शक्य नव्हतं. तिकडचा प्रेक्षक माईक म्हणून दुसरा चेहरा घेत नाही, आणि रेचलचा चेहरा तर तेव्हा जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात होता. मारून टाकणं हा दुसरा रस्ता. ‘द गुड वाइफ’ या वकिली मालिकेने २३ मार्च २०१४ ला विल गार्डनर या मुख्य पात्राला कोर्टातच गोळी घातली आणि त्या धक्क्यावर पुढची कितीतरी पानं लिहिली. ‘सूट्स’च्या स्वभावात ते बसलं नसतं; इथे माणसं मरत नाहीत, राजीनामे देतात. ‘द प्रॅक्टिस’ने २००३ मध्ये खर्च कमी करायला अर्धे नट काढले आणि जेम्स स्पेडरला आणून मालिकेचा सूरच बदलला, त्यातून पुढच्या वर्षी ‘बॉस्टन लीगल’ निघाली. ‘लॉ अँड ऑर्डर’ची रीत तर वेगळीच. १९९० पासून तिथे माणसं येतात-जातात, कारण तिथला नायक म्हणजे खटल्याची पद्धत. कुणाचं कुणाशी पटतं यावर मालिका उभीच नाही.

नवा माईक आणणं हा सगळ्यात मोहाचा पर्याय. चॅनेलच्या मीटिंगमध्ये तोच आधी सुचतो: कुणीतरी तरुण, हुशार, काहीतरी लपवणारा मुलगा, हार्वीच्या हाताखाली. आमच्या गटातही दोघांनी तोच सुचवला. वकीलकाकांनी एका वाक्यात निकाली काढला. ‘कोर्ट नाक्यावर इतकी वर्षं बघतोय. ज्युनिअर स्वतःचा बोर्ड लावून बसला की सिनिअर दुसरा ज्युनिअर घेतो. काम होतं. पण त्याच्यावर पहिल्यासारखा ओरडत नाही.’

‘सूट्स’च्या लेखकांनीही हार्वीला नवा चेला दिला नाही. हा त्या पर्वातला सर्वात शहाणा निर्णय, आणि तो दिसत नाही कारण तो काही न करण्याचा आहे.

काय केलं

त्यांनी एका माणसाचं काम चौघांत वाटलं. रेचलचे वडील रॉबर्ट झेन आपली फर्म घेऊन आत आले. (मुलगी सासरी गेली आणि वडील तिच्या ऑफिसात येऊन बसले, अशी टिप्पणी गटात झाली.) त्यांच्याबरोबर त्यांचा उजवा हात असलेली समँथा व्हीलर आली, म्हणजे कॅथरिन हायगल. सातव्या पर्वात आलेला हार्वीचा जुना मित्र अ‍ॅलेक्स विल्यम्स मुख्य मंडळींत गेला. आणि दुसऱ्या पर्वापासून ये-जा करणारी, कामाला वाघ पण सगळ्यांच्या खिजगणतीत नसलेली कतरिना बेनेट शेवटी कायमची झाली.

आता भांडण भिंतीवरच्या नावाचं. समँथाला झेनने नाव देण्याचं वचन दिलेलं, अ‍ॅलेक्सला हार्वीने. जागा एक, वचनं दोन. पूर्वी दार लावून ‘कुणाला कळलं?’ असं विचारायचे. आता ‘आधी कुणाचं?’ असं विचारतात.

इथे मला ते जमलेलं वाटत नाही. नाव लागलं नाही तर समँथाचं काय जाईल? मान जाईल, पगार जाईल, ती दुसरी फर्म गाठेल. हरण्याची किंमत कमी असली की लेखक आवाज वाढवतो. आठव्या पर्वात माणसं विनाकारण मोठ्याने बोलतात. फाइल टेबलावर आपटण्याचं प्रमाणही वाढलं आहे असं मला वाटतं, मोजलेलं नाही. हायगलचा दोष नाही. तिला आल्या आल्या प्रत्येकाशी भिडायला लावलं आणि भिडण्याआधीचं काही दिलं नाही; तिच्या बालपणाची गोष्ट येते तोवर तिच्याबद्दलचं मत बनून गेलेलं असतं. डेली सोपमध्ये नवी जाऊ आणतात तेव्हा हीच चूक होते: पहिल्या दिवशी कारस्थान, तिसऱ्या महिन्यात कारण.

उलट अगदी लहान जागेत काही छान घडलं. कतरिना आणि तिच्या हाताखालचा ब्रायन यांचं नातं. तो विवाहित, बाप झालेला, ती शिस्तीची. दोघांना कळतंय काय होतंय आणि दोघंही बोलत नाहीत. हे सांगितलं तर नोकरी, घर, दोन्ही जाऊ शकतं. म्हणजे पुन्हा रहस्य, पुन्हा काच, पुन्हा किंमत. मालिकेला आपली जुनी नस सापडली होती, पण चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या पात्रांत.

हार्वी आणि लुईस

आणि इथे लुईसची पुंजी कामाला आली.

झेन आणि हार्वी यांच्या ओढाताणीत कुणाचंच कुणाला पटेना, तेव्हा पर्वाच्या मध्यावर मॅनेजिंग पार्टनरची खुर्ची लुईसकडे जाते. डॉनाने सुचवलेला तोडगा. पहिल्या पर्वातल्या लुईसने या खुर्चीसाठी काय वाटेल ते केलं असतं. आता ती त्याला मागितल्याशिवाय मिळते. हार्वी ती देतो, हा या मालिकेतला नात्याचा सर्वात मोठा बदल, माईकच्या जाण्यापेक्षाही मोठा. कारण माईक-हार्वी हे नातं पहिल्या भागात तयार झालं आणि मुळात तेच राहिलं: मोठा भाऊ, धाकटा भाऊ. हार्वी-लुईस हे नातं मात्र टिंगलीपासून निघून ब्लॅकमेल, मारामारी, माफी असं करत करत विश्वासापर्यंत आलं. त्यासाठी आठ पर्वं लागली, आणि तेवढी लागायलाच हवी होती. नवीन पात्र आणून हे विकत घेता येत नाही. घरात जुनं होत आलेलं लोणचं हाताशी होतं, नवी बरणी उघडायची त्यांना फारशी गरज नव्हती.

नीट पाहिलं तर आठव्या पर्वात हार्वी खरं बोलतो ते तीनच माणसांशी: लुईस, डॉना आणि क्वचित झेन. डॉनाबद्दल गटात एकमत झालं नाही. सातव्या पर्वात ती चीफ ऑपरेटिंग ऑफिसर होते आणि हार्वीच्या दाराबाहेरच्या टेबलावरून उठून स्वतःच्या केबिनमध्ये जाते. त्या टेबलावरून ती इंटरकॉमवर त्याचं सगळं बोलणं ऐकायची, तिच्या ‘मला सगळं माहीत असतं’ या तोऱ्याचं रहस्य निम्मं त्यात होतं. केबिन मिळाली आणि ऐकणं गेलं. कन्टिन्युइटीवालीचं म्हणणं, आठव्या पर्वाच्या शेवटी हार्वी तिच्या दारी जातो ते याचमुळे: पहिल्यांदाच ती त्याच्या दाराशी नव्हती. गटातल्या दुसऱ्या लेखकाचं म्हणणं, माईक गेला, जवळचं कुणी उरलं नाही, म्हणून लेखकांनी हातातलं शेवटचं पान टाकलं. दोन्ही खरं असू शकतं. ट्रॅक संपत आला की आपणही हेच करतो आणि नशीब चांगलं असेल तर ते पात्राच्या स्वभावातून आल्यासारखं दिसतं.

नववं पर्व

आठव्याच्या शेवटी अशिलाच्या गुप्ततेच्या भंगाचा ठपका हार्वीवर येतो, पण दोष रॉबर्ट झेन स्वतःवर घेतो आणि त्याची सनद जाते. हे माईकच्या कबुलीची आठवण करून देणारं आहे, आणि बहुधा मुद्दाम. नवव्या पर्वाचे फक्त दहा भाग. बारने फे रिचर्डसन नावाची बाई फर्मवर देखरेखीला बसवली. तिच्यामुळे सगळ्यांना पुन्हा कुणापासून तरी लपायचं निमित्त मिळालं, म्हणजे लेखकांनी मूळ यंत्र बाहेरून परत आणलं. चाललं, दहा भागांपुरतं. माईक पाहुणा म्हणून पाचव्या भागात आणि शेवटी येऊन गेला. रेचल आली नाही. शेवटच्या भागात हार्वी आणि डॉना लग्न करून सिएटलला माईककडे जायला निघतात. जो गेल्यामुळे अडचण झाली, त्याच्याकडेच नायकाला पाठवून अडचण मिटवली.

जेसिकाच्या पात्रावर काढलेली ‘पिअर्सन’ २०१९ मध्ये एका पर्वात बंद झाली. तिची पेरणी त्याच २५ एप्रिलच्या रात्री केली होती. माईक-रेचलच्या निरोपाला त्या भागात कोपरा मिळाला तो शिकागोने जागा खाल्ली म्हणून. एका रात्रीत दोन माणसांना पोचवायचं आणि तिसरीचं दुकान उघडायचं, हे आपल्याकडच्या महाएपिसोडमध्येही करतात आणि तिथेही असंच होतं.

मग २०२३. मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या निल्सन कंपनीच्या मोजणीनुसार त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक पाहिली गेलेली स्ट्रीमिंग मालिका ठरली, ५,७७० कोटी मिनिटं. यात माझ्या मुद्द्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट आहे आणि ती गटातल्या सर्वांत तरुण लेखिकेने काढली. ‘दादा, मी सातवं संपवून त्याच रात्री आठवं सुरू केलं. मला माईक गेल्यासारखं वाटलंच नाही, मला वाटलं तो बाहेरगावी गेलाय.’ सातव्या आणि आठव्या पर्वाच्या मधल्या अडीच-तीन महिन्यांत तेव्हाच्या प्रेक्षकाने त्याची कमी सोसली होती, ती हिला दोन भागांच्या मधल्या काही सेकंदांत सोसावी लागली. उलट हार्वी-लुईसचं आठ वर्षांत पिकलेलं नातं तिने महिन्याभरात पाहिलं आणि तिला ते ‘अचानक’ वाटलं. माणूस गेल्याचं नुकसान कमी झालं आणि नातं पिकल्याचा फायदाही.

दोन्ही वकील शेवटपर्यंत एका गोष्टीवर अडून राहिले. आपल्याकडे वकील बदलला तर जुन्या वकिलाची ना हरकत घेऊन नवं वकीलपत्र दाखल करावं लागतं. हार्वी सिएटलला गेला. त्याच्या अशिलांच्या फाइली कुणाकडे? फर्मच्या शेवटच्या पाटीवर ‘लिट व्हीलर विल्यम्स बेनेट’ अशी नावं आहेत, सुरुवातीच्या ‘पिअर्सन हार्डमन’मधलं एकही नाही. काका म्हणाले, मॅनेजिंग पार्टनर म्हणून लुईसकडे. मॅडम म्हणाल्या, ‘छे हो. कतरिनाकडे. ड्राफ्टिंग तीच करत होती.’